सव्वीस जणांची एकच चूक

"माझ्या परीक्षेची उत्तरं कुणीतरी फोडली," असं म्हणत ट्रेनिंगवाली खुर्चीवर टेकली आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाली, "आणि ते कुणीतरी म्हणजे मी, असं सगळ्यांचं ठरलंय."

तपासनीसबाईंनी पेनचं टोपण काढलं. तीस वर्षं विम्याच्या दाव्यांतला खोटेपणा हुडकल्यावर त्यांनी स्वतःचं हे खासगी तपासाचं ऑफिस थाटलं होतं. मदतनीस म्हणून जावई. जावयावर खेकसायची सोय नसते, म्हणून बाई त्याचा पाणउताराही अहो-जाहो करूनच करत.

ट्रेनिंगवाली एका मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. तिथे रोज हजारो चादरी धुतल्या जात आणि तापलेल्या रुळांच्या इस्त्रीयंत्रातून काढल्या जात. काम सुरक्षितपणे कसं करावं याचे सहा धडे तिने मोबाइलवर तयार केले होते. आधी फिल्म, मग दहा प्रश्न. पहिल्या तीन धड्यांना कुणी भीक घातली नाही. सव्वीस कामगारांपैकी अकरा जणांनी ते कसेबसे ओढून नेले. मग इस्त्रीयंत्राचा चौथा धडा आला आणि बुधवारी एकाच दुपारी सव्वीसच्या सव्वीस जण दहापैकी नऊ गुण घेऊन मोकळे झाले.

"सगळ्यांचा सातवा प्रश्नच चुकला," ती म्हणाली. "चादर रुळात अडकली तर आधी काय करावं? बरोबर उत्तर आहे, लाल बटण दाबावं. सगळ्यांनी निवडलं, पायपट्टी दाबावी."

कारखान्याच्या मालकीणबाईंचा हिशेब सरळ होता. उत्तरांची यादी फुटली, तिच्यात एक चूक होती, ती सगळ्यांनी उतरवली. यादी तिघांकडेच होती: ट्रेनिंगवाली, संगणकवाला आणि मुकादम. धडे कुणी करत नाही म्हणून बोलणी खाल्लेली एकटी ट्रेनिंगवाली. शुक्रवारी सकाळपर्यंत ती निर्दोष ठरली नाही, तर तिची नोकरी संपली.

"उघड आहे, आई," जावई म्हणाला. "संगणकवाला."

"तुम्ही त्याला पाहिलंय का, जावईबापू?"

"नाही अजून."

"मग पाहून घेऊ. नंतरही हेच म्हणायला तुम्ही मोकळे आहात."

गुरुवारी दोघं कारखान्यात पोचले. संगणकवाला गोरामोरा झाला नाही, उलट विचारायच्या आत नोंदी उघडून बसला. यादी फोडून फायदाच नाही, असं त्याचं म्हणणं. यादीत नुसते पर्यायांचे क्रमांक आहेत आणि उत्तरांचे पर्याय प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळ्या क्रमाने येतात. एकाचा पहिला तो दुसऱ्याचा चौथा. विचित्र गोष्ट दुसरीच होती. पंचवीस जणांनी फिल्म उघडलीसुद्धा नव्हती. ती लागली एकाच मोबाइलवर, इस्त्रीवाल्या काकूंच्या. बारा मिनिटांची फिल्म बावन्न मिनिटं चालली आणि एकतीस वेळा थांबली.

"काकूंना मोबाइल जमत नाही," तो म्हणाला. "बोट लागून बंद पडत असेल."

बाई जावयाकडे वळल्या. "तुमच्या जुन्या ऑफिसात असे धडे असायचे ना? खरं सांगा, कसे करायचात?"

जावई कानकोंडा झाला. "फिल्म लावायची आणि चहाला जायचं. ती पूर्ण चालल्याची नोंद झाली की काम झालं."

"मधे थांबवायचात?"

"कशाला? वेळ वाढतो."

बाईंनी हे लिहून घेतलं. आपलं बोलणं सासूबाईंनी लिहून घ्यावं असं प्रथमच घडत होतं, तेव्हा जावई फुगला.

मुकादम दाराकडे पाहत बोलणारा माणूस. दर बुधवारी जेवणानंतर इस्त्रीयंत्र सफाईसाठी तासभर बंद असतं, तेव्हाच सगळ्यांना धडा उरकायला सांगितलं होतं, हे त्याने एका दमात सांगून टाकलं. आपण तेवढा वेळ कोठारात साबणाची पोती मोजत होतो म्हणाला. पोती किती भरली, हे मात्र त्याला आठवेना. उत्तरांचं पाकीट त्याने खणातून काढून दाखवलं. डिंकाने चिकटवलेलं तोंड अजून तसंच होतं.

इस्त्रीवाल्या काकू त्या यंत्रावर एकोणीस वर्षं होत्या. जेवणाची सुट्टी असल्याने यंत्र थंड पडलं होतं.

"मला त्या मोबाइलातलं काय कळतंय," त्या म्हणाल्या आणि लगेच जावयाचा कोपर धरून त्याला मागे ओढलं, कारण तो रुळावर हात टेकवून उभा होता. "हात तिथे नाही. चादर कडेला धरायची, बोटं मुडपून. आणि पाय त्या पट्टीपासून हलवायचा नाही. कळलं? दाखव बघू."

जावयाने दाखवलं. काकूंनी मान हलवून पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदा त्याला बरोबर जमलं आणि शाळेत पहिला आल्यासारखा तो हसला. यंत्राच्या अंगावर जागोजागी खडूने एक ते आठ आकडे लिहिले होते. पाच नंबर त्याच्या बाहीने पुसला गेला.

"जावईबापू, आता ते लाल बटण दाबा पाहू," बाई म्हणाल्या.

बटण मागच्या बाजूला होतं. जावयाने चादर सोडली आणि यंत्राला वळसा घातला. बाईंनी पावलं मोजली. अकरा.

निघताना त्यांनी ट्रेनिंगवालीला तीन गोष्टी विचारल्या. फिल्म यंत्रविक्रेत्याच्या दालनातल्या नव्याकोऱ्या यंत्रावर घेतली होती. तिच्यात आठ पायऱ्या होत्या. आणि पहिल्या पानावर ठळक सूचना होती: धडा एकट्याने करावा, मदत घेणारा आणि देणारा, दोघंही बाद.

"ही सूचना कुणाची?"

"माझीच," ट्रेनिंगवाली म्हणाली.

शुक्रवारी सगळे मालकीणबाईंच्या खोलीत जमले. बाईंनी वही उघडली.

"यादी फुटलीच नाही. पर्यायांचा क्रम ज्याचा त्याचा वेगळा, त्यामुळे उत्तरं डोक्यात असल्याशिवाय सव्वीस जण पास होणं शक्य नाही. मुकादमांचं पाकीट बंद आहे. राहिली फिल्म. आमचे जावईबापू या विषयातले जाणकार आहेत. ते सांगतात की फसवणारा फिल्म लावून निघून जातो. इथे एकाच मोबाइलवर ती एकतीस वेळा थांबवली गेली. फिल्म थांबवतो तो शिकणारा, नाहीतर शिकवणारा."

"म्हणजे संगणकवाला नाही?" जावई पुटपुटला.

"नाही हो. फिल्मच्या आठ पायऱ्या, यंत्रावर खडूचे आठ आकडे. यंत्र बंद होतं तो एक तास, फिल्म चालली ती बावन्न मिनिटं. काकूंनी सगळ्यांना यंत्राभोवती उभं केलं. थोडी फिल्म दाखवायची, थांबवायची, हाताने करून घ्यायचं. मुकादमांनी पाहिलं आणि ते साबण मोजायला गेले. कुणी बोललं नाही, कारण पहिल्या पानावरची सूचना सगळ्यांनी वाचली होती. बोललं तर काकू बाद."

"पण सातवा प्रश्न?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नव्या यंत्राचं बटण हाताशी असतं. तुमच्या यंत्राचं अकरा पावलांवर, मागे. पायपट्टी पायाखाली, आणि तिनेही यंत्र थांबतं. अकरा पावलं होईतो चादरीबरोबर बोटं आत जातील. तिथे काकूंनी फिल्म बाजूला ठेवली आणि खरं ते सांगितलं. सव्वीस जणांचं बरोबर आहे. चुकलाय तो धडा."

काकू उभ्या राहिल्या. "मदत मी केली. बाद करायचं तर मला करा. बाकीच्यांना मीच बोलावलं होतं."

मालकीणबाई ट्रेनिंगवालीला म्हणाल्या, "उत्तरं तुम्ही फोडली नाहीत, ते कळलं. पण नियम तुमचा आहे. काय करायचं ते बोला."

ट्रेनिंगवालीने मोबाइल काढला, पहिलं पान उघडलं आणि ती सूचना तिथल्या तिथे पुसून टाकली. मग सातव्या प्रश्नाचं उत्तर बदललं. सव्वीस नावांपुढे नवाचे दहा झाले.

"तुम्ही सोमवारी या," मालकीणबाई तिला म्हणाल्या. "नेहमीच्या वेळेला."

ट्रेनिंगवाली काकूंकडे वळली. "पाचवा धडा कपडे वाळवण्याच्या यंत्राचा आहे. तुम्ही एकदा पाहाल का?"

"पाहिलाय," काकू म्हणाल्या. "अर्धा चुकलाय."

ट्रेनिंगवालीने पर्समधून वही काढली. काकूंनी ती हातातून घेऊन टेबलावर ठेवली.

"वही राहू दे. खाली चल आणि आधी बाह्या वर कर."