दगडांमागची जागा

वर्षालीने अमरावतीहून आईसाठी माशांची टाकी आणली, तेव्हा अकोल्यात ऊन चांगलंच पेटलं होतं. जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत कुलर दिवसभर घरघरत असे आणि वाळ्याचा ओला वास माणिकबाईंच्या पलंगापर्यंत येऊन थांबे. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्या बोलत नव्हत्या. घास तोंडाशी नेला की मान भिंतीकडे वळवत.

"मासे पाहून मन रमते म्हणतात," वर्षाली म्हणाली. निघताना मात्र ती दारात थांबली. "बाबा, मी पुढच्या खेपेला येईन तोवर आई जेवली नाई, तर मी तिले अमरावतीले नेईन. तिथं नळीनं तरी काही पोटात जाईन. तुमच्याच्यानं होत नाई हे."

जन्मभर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेल्या देवमनना वाद घालण्याची सवय नव्हती. शिवाय लेक म्हणते ते खरंही असेल, असं त्यांना वाटलं. पण नळीचं नाव निघताच माणिकबाईंनी डोळे मिटून घेतले, ते त्यांनी पाहिलं होतं.

टाकीत सोनेरी मासे होते, तळाशी वाळू होती आणि कोपऱ्यात एक काळा फिल्टर होता. त्याची नळी पाण्यात बुडबुडे सोडत राही. माणिकबाई माशांकडे पाहत, मग नजर कोपऱ्यात गेली की तोंड फिरवत. कारण लक्षात यायला देवमनना वेळ लागला. दवाखान्यात त्यांच्या उशाशी ऑक्सिजनची बाटली होती. तीही अशीच बुडबुडत असे.

"हे झाकून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"झाका," माणिकबाई म्हणाल्या. घरी आल्यावरचा तो त्यांचा पहिला शब्द.

देवमननी शहाबादी फरशीचा एक तुकडा आणला. त्यावर काळे दगड सिलिकॉनने चिकटवले, पाणी खेळावं म्हणून मधे फटी ठेवल्या आणि ती भिंत फिल्टरसमोर उभी केली. माणिकबाई पलंगावरून सांगत होत्या. झाकण्याच्या कामात त्यांचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा पत्र्याच्या कोठीत गहू घालून, वर मुखवटा ठेवून त्या अशी साडी नेसवत की पत्र्याची कड कुठे दिसत नसे.

"तो दगड इकडं घ्या. कोर दिसून राहिली." थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, "जन्मात कधी निऱ्या घातल्या नाई तुमी. तुमाले काय समजते झाकणं."

देवमन हसले. किती दिवसांनी हसले ते त्यांनाही आठवेना.

"आता आत मूठभर गहू टाका," माणिकबाई म्हणाल्या. "कोठी रिकामी ठेवत नाई."

"अवं, ही काय कोठी आहे?"

"झाकलं का कोठीच झाली. आत आपण काही ठेवलं नाई, तं दुसरं कोणी येऊन राह्यते."

गहू पाण्यात कुजतील, मासे मरतील, हे देवमनना कळत होतं. "टाकतो," ते म्हणाले. मूठ भरून गहू आणले, टाकीशी पाठमोरे उभे राहिले आणि मूठ तशीच स्वयंपाकघरात नेऊन डब्यात रिकामी केली.

त्या संध्याकाळी माणिकबाईंनी वरणात कुस्करलेली भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी आंब्याचा रस मागितला. त्या बोलू लागल्या, शेजारणीच्या सुनेला नावं ठेवू लागल्या. देवमन ताटात वाढता वाढता ऐकत राहायचे. आपल्या हातून एक तरी गोष्ट नीट झाली, असं त्यांना वाटे, आणि लगेच शंका येई.

मासे आता टाकीभर फिरत नव्हते. ते सगळे दगडांच्या भिंतीकडे तोंड करून एका ओळीत थांबलेले असत. शेपट्या तेवढ्या हलत.

मग एका दुपारी लाइट गेली. कुलरची घरघर थांबली, पंखा फिरत फिरत निजला. त्या शांततेत देवमनना बुडबुडे ऐकू आले. दगडांमागून एक झुबका वर आला. थांबला. पुन्हा आला. नळीतला अखंड बुडबुडाट तो नव्हे. याला मधे विसावा होता.

पलंगावर माणिकबाई झोपल्या होत्या. त्यांची छाती वर गेली की टाकीतलं पाणी शांत होई. छाती खाली बसली की बुडबुडे वर येत.

देवमन बराच वेळ पाहत राहिले. नळीत हवा अडकली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं.

"गहू टाकलेच नाई ना तुमी?" डोळे न उघडता माणिकबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "राहू द्या. आत थंडगार हाये."

वर्षाली आली ती आईला पाहून हरखलीच. माणिकबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि जावयाच्या पोटाची चौकशी करत होत्या.

"बाबा, जादू केली तुमी. अन् मशीन कुठी लपवलं? दिसतच नाई." वर्षालीने बांगड्या वर सारल्या आणि टाकीत हात घातला.

"नको," देवमन म्हणाले.

तोवर तिने भिंत पुढे ओढली होती.

"हा तं बंदच हाये, बाबा. शेवाळानं पार जाम झाला. लय दिवसांचा बंद असन."

पलीकडे माणिकबाई म्हणत होत्या, "जावयाले म्हणावं, रात्रीच्या जेवणात..."

पुढे शब्द आला नाही.

देवमननी मान वळवली. माणिकबाईंचं तोंड अर्धं उघडं होतं. डोळे उघडे होते. ओठांचा रंग जात होता.

त्यांनी लेकीचा हात बाजूला केला आणि भिंत होती तिथे दाबून बसवली.

दगडांमागून बुडबुडे वर आले.

"...भात कमी खा," माणिकबाई म्हणाल्या.

वर्षाली ओले हात पदराला पुसत होती. "नवा फिल्टर आणा पण," ती म्हणाली. "आईले इथंच राहू द्या. चांगली हाये."

"आणतो," देवमन म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी दार लावलं, कुलर बंद केला आणि पलंगाच्या काठावर बसले. माणिकबाई कुशीवर वळल्या होत्या. देवमननी तळहात हळूच त्यांच्या नाकातोंडासमोर धरला.

"काय पाहून राहिले?" माणिकबाईंनी विचारलं.

शब्द कानांवर स्पष्ट पडले. तळहाताला काहीच लागलं नाही.