टापेट वाजतंय तवर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं नायगावला यावं, खाडीकडच्या आमच्या गावात कुणालाही विचारावं. हंसाचा उजवा तळहात बघावा आणि मग मला खोटं ठरवावं.

हंसा माझी धाकटी जाऊ. आमची घरं एकाला एक लागून, मधे फक्त शेवग्याचं झाड.

तारीख सांगते. २०२४ च्या जानेवारीतला, संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. सकाळचे साडेसहा. ओटीवर आम्ही सगळे उभे होतो. त्या दिवशी जे झालं ते दहा जणांनी ऐकलं.

पण सुरुवात त्याच्या एक वर्ष आधीची.

हंसाचा थोरला भूपेश. सव्वीस वर्षांचा, सोन्यासारखा पोर. नोकरीला लागला आणि पहिली गोष्ट केली ती मोटारसायकल घेण्याची. लांब फिरायला जायची ती मोठी गाडी. दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, पुढे ही एवढी काच. गोवा झाला, हंपी झाली, लडाख झालं.

गाडी चांगली होती. पण आवाज!

टक-टक-टक-टक...

तो वळणावर असायचा आणि हंसा चुलीवर चहा ठेवायची. संध्याकाळी बरोबर सात वाजता. घड्याळ चुकेल, ती गाडी चुकायची नाही.

दर रविवारी पोर ओटीपुढं फतकल मारून बसायचा. रॉकेलनं चेन धुवायचा, ब्रश मारायचा, तेल सोडायचा. आईच्या फाटक्या हिरव्या पातळाचा तुकडा फडकं म्हणून ठेवला होता त्यानं. काम झालं की ते फडकं हँडलला गाठ मारून ठेवायचा.

हंसा करवादायची. "अरे, काय त्या गाडीच्या पोटात उंदीर शिरलेत काय? कवा थांबल ह्यो आवाज?"

भूपेश हसायचा. "आये, टापेट हायत ती, इंजिनातले वॉल्व्ह दाबनारे खिळे. वाजनारच. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, म्हनून थोडी जागा सोडायला लागते. त्या जागेचा आवाज हाय ह्यो."

"मला काय कळतं त्यातलं."

"एवढं ध्यानात ठेव. टापेट वाजतंय तवर गाडी जित्ती. गप झाली... तर समज आतून जळली."

हे वाक्य लक्षात ठेवा. हंसानं ठेवलं नाही.

आता पुढचं लिहायला जड जातंय, पण लिहिते.

माझ्या रोशनीला बघायला पाहुणे आले होते. वाडीवरची माणसं, ओटीवर बसून पोहे खात होती. एवढ्यात भूपेशची गाडी आली. टक-टक-टक-टक. पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

तेव्हा सगळ्यांसमोर एक बाई बोलली, "हंसाच्या घरात पोरगा नाय हो, पिठाची गिरन हाय. दळन घेऊन या कुनाला पायजे तर!"

सगळे हसले. पाहुणे तर पोटं धरून हसले.

हंसा हसली नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली, ती बाहेर आली नाही.

ती बाई कोण? मीच. खोटं कशाला लिहू.

चार दिवसांनी भूपेशनं गाडी वालीवला प्रल्हादकडे टाकली. प्रल्हादचं छोटं गॅरेज होतं, एका कारखान्याच्या भिंतीला लागून. भूपेशला संक्रांतीच्या आठवड्यात कच्छला जायचं होतं, रण बघायला. त्याआधी सर्व्हिसिंग.

भूपेश कामावर गेल्यावर हंसा रिक्षा करून वालीवला गेली. पिशवीत प्रल्हादसाठी सुके बोंबील. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, श्रीपत भावोजींनाही नाही.

"प्रल्हाद, त्या गाडीचा आवाज बंद कर."

"मावशी, तो बंद करायचा नसतो. टापेट आवळले तर आतला वॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही. गरम झाली की गाडी दम सोडेल."

"मला शिकवू नको. माझ्या घराची चारचौघांत गिरन झाली. आवाज बंद झाला पायजे. आनि भूपेशला बोलशील तर बग, तुझ्या दारात येऊन बसन."

प्रल्हाद गरीब माणूस. मान खाली घालून बसला. मग पाना उचलला.

गाडी घरी आली ती मांजरासारखी.

कच्छला निघायच्या दिवशी भूपेशनं पहाटे गाडी चालू केली. कान लावून ऐकलं. कपाळाला आठी पडली.

"आये... गाडी गप हाय गं. कायतरी चुकलंय. प्रल्हादला उठवू काय?"

दोन दोस्त नाक्यावर थांबले होते. फोनवर फोन येत होते.

हंसाच्या ओठावर आलं होतं. तिनं मला नंतर सांगितलं, बाय, शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. पण सांगायचं कसं? पोर चिडला असता.

ती म्हणाली, "गप हाय तर बरं हाय. जा."

मनोरच्या पुढं हायवेवर, मधल्या लेनमध्ये गाडी बंद पडली. दोस्त पुढे निघून गेले होते. भूपेश गाडी ढकलत कडेला आणत होता. गाडी कडेला आली...

तो आला नाही.

मागून ट्रक होता.

टेंपोतून गाडी घरी आली. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. पोलिसानं बटण दाबून बघितलं, तर लगेच चालू झाली. मग ती बंद का पडली, हे कुणालाच कळेना. प्रल्हाद दुसऱ्याच दिवशी गॅरेजला कुलूप लावून गावाला गेला तो गेलाच.

माहीत होतं एकट्या हंसाला. आणि ती बोलली नाही.

भावोजींनी गाडीची बॅटरी काढली, वर निळी ताडपत्री टाकली, दोरी बांधली. हँडलचं हिरवं फडकं तसंच होतं.

तेराव्याच्या संध्याकाळी हंसा देवापुढे दिवा लावत होती. सात वाजले.

बाहेर कुत्री, रातकिडे, खाडीकडचा वारा... सगळं एकदम थांबलं.

आणि...

टक... टक... टक... टक...

ती ओटीवर धावली. ताडपत्री हलत नव्हती. दोरी जशीच्या तशी. आवाज आतून येत होता.

"आवो! आयकलात काय?"

भावोजी खुर्चीत बसले होते. "काय?"

"गाडी..."

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळ्याला टॉवेल लावला. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. रोज सातला. चहा उकळेपर्यंत वाजायचं, मग थांबायचं.

मी तिला म्हटलं, मांत्रिक बघू. तिनं माझा हात झटकला. "काय नको. वाजतंय तवर तो जित्ता हाय."

मला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली.

एकदा तिनं ताडपत्रीखाली हात घातला. बॅटरी नसलेली, सहा महिने उभी असलेली गाडी. इंजिन कोमट होतं. आत्ताच घरी आल्यासारखं.

तिनं त्या दिवसापासून ओटीवर एक कप चहा जास्तीचा ठेवायला सुरुवात केली. सकाळी कप भरलेलाच असायचा. वर तेलाचा तवंग.

असं वर्ष गेलं. वर्षश्राद्ध झालं. त्या रात्री जेवताना धाकटा विघ्नेश म्हणाला, "बाबा, मी दादाची गाडी काढतोय."

हंसाच्या हातातली वाटी पडली.

"त्याचं हेल्मेट कच्छला नेऊन ठेवतो. त्याचं राहिलं ना जायचं, ते मी पूर्ण करतो. नवीन बॅटरी आणलीय. ऑइल बदललं, चेन केली. एकदम मख्खन चालते, यार. आवाजच नाही."

भावोजी रडले. म्हणाले, जा पोरा. आम्ही सगळ्यांनीच म्हटलं, जा. भावाची माया आहे, का अडवायचं?

हंसा म्हणाली, "नको."

"का गं आई?"

तिनं पडलेली वाटी उचलली. काय सांगणार? एक पोर मी मारला, दुसरा मारू नको, असं?

"गाडी अपशकुनी हाय," एवढंच म्हणाली. पोर हसला.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी सात वाजता हंसा ओटीवर बसली. मनात म्हणाली, भूपेश, तूच काय ते सांग त्याला.

सात वाजले.

सव्वासात.

साडेसात...

आवाज आला नाही.

वर्षभरात पहिल्यांदा.

कुत्री भुंकत होती. रातकिडे ओरडत होते. गाडी तेवढी गप्प होती. रात्रभर ती बाई उंबऱ्यावर बसून राहिली. मी माझ्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, मायेनं बसलीय.

सकाळी साडेसहा. उजाडायच्या बेतात. शेजारपाजारचे जमले. विघ्नेशनं बटण दाबलं. गाडी चालू झाली. शांत. एकदम शांत.

"बघ आई. किती गप्प आहे."

हंसाच्या हातात आरतीचं ताट. तिचं तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडून तेच आलं, "गप हाय तर बरं..."

ती तिथेच थांबली. ती शपथ घेऊन सांगते, ते शब्द ती बोलत नव्हती. जीभच बोलत होती.

विघ्नेशनं आरती घ्यायला गाडी बंद केली. चावी काढली, खिशात टाकली. हेल्मेट काढून मान पुढे केली.

आणि...

टक.

आम्ही सगळ्यांनी गाडीकडे बघितलं.

टक... टक...

"तापली असेल," कुणीतरी म्हणालं.

टक-टक... टक-टक-टक-टक...

तापलेली गाडी अशी वाजत नाही. हा तोच आवाज होता. ज्या आवाजाला मी गिरण म्हटलं होतं तो. चावी पोराच्या खिशात, आणि गाडी उभ्या जागी वाजत होती. दहा माणसं ओटीवर. भावोजींच्या हातातला नारळ गळून पडला.

वाजणं वाढत गेलं. घाईनं, चिडून, कुणीतरी आतून दार ठोकावं तसं.

हंसानं ताट फेकलं. धावत जाऊन उजवा हात इंजिनवर दाबला, जसं रडणाऱ्या पोराच्या तोंडावर आई हात ठेवते.

चर्रर्र झालं. मांस जळाल्याचा वास आला.

तिनं हात काढला नाही.

"सांगते! सांगते रं बाबा! मीच आवळून घेतले टापेट! प्रल्हादला मीच सांगितलं! भूपेशला मीच मारला!"

आवाज थांबला.

विघ्नेशनं तिला ओढलं तेव्हा तळहाताची कातडी इंजिनला चिकटून राहिली होती. गाडी जेमतेम अर्धा मिनिट चालली होती. मी स्वतः हात लावून बघितला.

इंजिन थंडगार होतं.

दुपारी वालीवहून दुसरा मिस्त्री आला. त्यानं झाकण उघडलं. केसाएवढी पातळ पत्र्याची पट्टी टापेटच्या फटीत घालून बघितली. जाईना. दुसरी, त्याहून पातळ घेतली. तीही जाईना.

"कुणी आवळलेत हे? थंड असताना चालेल, दादा. तासभर पळाली की दम सोडणार. मनोरच्या पुढं नाही जायची."

मनोरचं नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भावोजींनी विचारलं, "पण मग सकाळी वाजत होती ती?"

मिस्त्री हसला. "काका, वाजायला जागा लागते. इथं जागाच नाही. ही गाडी वाजूच शकत नाही."

झाकण लावताना त्यानं हँडलचं फडकं हात पुसायला ओढलं. वर्षभर ताडपत्रीखाली सुकलेलं ते पातळ. त्याच्या बोटांना ताजं तेल लागलं.

गाडी भंगारात दिली. विघ्नेश वाचला. पण आईशी बोलत नाही. विरारला खोली घेऊन राहतो. श्रीपत भावोजी एका घरात राहून तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. प्रल्हादचा पत्ता नाही, आणि मिळाला तरी त्याला काय विचारणार?

हंसा रोज सातला ओटीवर बसते. जळका हात मांडीवर. कान वळणाकडे.

"बाय, तुला काय आयकू येतं?" मला विचारते.

मी म्हणते, "नाय गं. काय नाय."

हे खोटं आहे. एवढं एकच खोटं मी बोलते.

कारण त्या रविवारनंतर आठ दिवसांनी, संध्याकाळी सातला, मी भाकऱ्या थापत होते. आणि माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या मागून...

टक... टक... टक...

हंसाला सांगावं तर ती म्हणेल, माझा पोर तुझ्याकडं कशाला येईल? त्याला उत्तर मला माहीत आहे. गिरण म्हटलं होतं ना मी. मग पिठाच्या डब्यामागेच येणार.

कुणाला बोलले नाही. मांत्रिक आणला नाही. सवय झाली. वाजतंय तवर बरं, असं म्हणून दिवस काढले.

गेले चार दिवस ते वाजलं नाही.

आणि काल माझा मुलगा कृष्णा नवीन गाडी घेऊन आला. विजेवर चालणारी. मला ओटीवर बोलावलं, बटण दाबलं.

"आये, बग. आवाजच नाय हिला."

चावी मी पदराच्या गाठीत बांधलीय. तो कालपासून मागतोय. रातपाळीला उशीर होतोय म्हणतो, दारात उभा राहून ओरडतोय.

मी देत नाही.

आत्ता सात वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. मी डब्याला कान लावून बसलेय.