खूण न ठेवणारी लहर

पाचगणीच्या पठारावरच्या नियंत्रण कक्षात त्या दुपारी कोणी चहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पडद्यावर एक लहर थरथरत होती, आणि तिचा आकार डॉ. मृणाल देवस्थळींच्या समीकरणाशी शेवटच्या वळणापर्यंत जुळत होता.

ते समीकरण बाईंनी तरुणपणी मांडलं होतं. विश्वाच्या बालपणी अवकाशात ताणले गेलेले अतिसूक्ष्म धागे, म्हणजे विश्वतंतू, आजही शिल्लक असतील आणि एखाद्या तंतूने झटका दिला की अमुक आकाराची गुरुत्वलहर उठेल, असं त्यांचं म्हणणं. परिषदांमध्ये लोक आदराने टाळ्या वाजवत आणि बाहेर पडल्यावर नाकं मुरडत. उभी हयात गेली हो त्यात! आता अशा लहरी टिपायला सूर्याभोवती फिरणाऱ्या तीन यानांमधले तरंगते आरसे हलले होते, आणि सगळा कक्ष बाईंना डोक्यावर घ्यायला निघाला होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही लुटुपुटूची असली तर?"

लुटुपुटूची लहर ही बाईंनीच लावलेली शिस्त. संशोधक गाफील राहू नयेत म्हणून अधूनमधून यानांतले आरसे मुद्दाम हलवून खोटी लहर उठवायची, आणि ते फक्त एका माणसाला ठाऊक असायचं. यंदा तो माणूस होता फिरोज मुजावर, बाईंचा जुना विद्यार्थी आणि आता प्रकल्पप्रमुख. छाननी संपेपर्यंत त्याने हो-नाही काही बोलायचं नाही, असा नियम. गडी ताकास तूर लागू देईना.

"त्याच्याकडे काय बघता? आरशांनाच विचारू," बाई म्हणाल्या. "फिरोज, खरी लहर निघून गेल्यावर काय राहतं?"

"स्मृतिखूण. गादीवरून कोणी उठलं की खळगा राहतो ना, तसं. आरशांमधलं अंतर कायमचं किंचित बदलतं."

"आणि आपण उठवलेली?"

"आपण आरसे होते तिथे परत आणून ठेवतो. पुढची मोजमापं बिघडू नयेत म्हणून."

"म्हणजे खूण असेल तर खरी, नसेल तर बनवलेली. मोजा."

मोजणी होईपर्यंत बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोला, त्यांना ही लहर खरी हवी होती. इतकी हवी होती की स्वतःचीच भीती वाटत होती.

आकडे आले. अंतर होतं तेवढंच. खुणेचा पत्ता नाही.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बनवलेली आहे," त्या म्हणाल्या. "चला, जगापुढे फजिती तरी टळली. फिरोज, झाली छाननी. सोड आता तुझं मौन."

फिरोज जागचा हलला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, यंदा मी लहर उठवलेलीच नाही. लहर उठवायची किल्ली माझ्याकडेच आहे. यानांना आज्ञाच गेलेली नाही."

"काय?"

"मग... तुमच्या गणितात कुठे काही..."

"अरे गाढवा, आकार आणि खूण एकाच समीकरणातून निघतात! निसर्ग एक देऊन दुसरी खिशात घालत नाही. खूण पुसायची तर उलटा ताण मोजूनमापून द्यावा लागतो. मुद्दाम द्यावा लागतो."

एवढं बोलल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"आपण नाही बनवली," त्या हळूच म्हणाल्या. "पण बनवलेली आहे. ऐकणाऱ्याला कळावं, ही आपोआप उठलेली नाही, म्हणूनच पुसलीय ती खूण."

विश्वतंतू आहेत की नाहीत, हे बाईंना अजूनही ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या आयुष्यात कळेल अशी चिन्हंही नव्हती. पण दूर ताऱ्यांपलीकडे कुठेतरी, कोणीतरी ते समीकरण स्वतःहून सोडवलं होतं, आणि हाक मारायला नेमकं तेच निवडलं होतं. बाईंना रडू आवरेना.

"मला वाटायचं रे, हे जगात कोणालाच पटत नाही."

"जगात अजूनही पटलेलं नाही, बाई," फिरोज म्हणाला आणि त्याने आपला रुमाल पुढे केला.