रुमालाखालचा हात

परतूरच्या कापूस बाजारात किशनलालजींनी चाळीस वर्षं दलाली केली, तीही तोंड न उघडता. घेणारे-देणारे रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव सांगत. शेवटी मूठ आवळली की सौदा पक्का; मग तो निजाम सरकारलाही मोडता येत नसे.

१९५२ साली निजाम सरकार उरलं नव्हतं आणि किशनलालजींना स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. रुमाल तेवढा आठवत होता. रोज दुपारी ते ओसरीवर बसत, उजव्या हातावर रुमाल टाकत आणि समोरच्या रिकाम्या गादीशी बोलणी करत. मूठ आवळून एखाद्या दिवशी म्हणत, "दिला!"

थोरली सून चंदनबाई हिच्या आधी ध्यानात आलं. "दिला" म्हटलं की त्यांच्या आठवणीतून काहीतरी जातं. आधी बायकोचं मरण गेलं. मग धोतर नेसणं. मग थोरला मुलगा गौतमचंद.

वडिलांना जालन्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचा कागद गौतमचंदने तयार केला. त्यावर धाकट्या भावाची सही हवी होती. दीपचंद जालन्याहून पेढे घेऊन आला. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलाला पेढे आणणं सोपं असतं.

"बाबूजींना वेड्यांत ठेवायचं? भाईसाब, बिरादरीत तोंड कसं दाखवायचं?"

"परवा रुळावर जाऊन बसल्ते. मालगाडी थांबली म्हणून वाचले. तवा कुठं होती तुझी बिरादरी?"

"जरा सांभाळून घ्या. भाभी हाएत की घरात."

"भाभी!" गौतमचंद ताडकन उठला. "दोन वर्षं झाली, ती त्यांची धोतरं धुऊन राह्यली. तिलाच चोर समजून काठीनं मारतेत. कवा विचारलं का तिला? नेतो का तुझ्या घरी? आज? ह्याच गाडीनं?"

दीपचंद पेढ्यांच्या पुडक्याची दोरी सोडू लागला. गाठ अवघड असावी.

ओसरीवर रुमाल हलत होता.

"बास झाला हा बाजार!" गौतमचंदने रुमालाखाली हात घातला, बापाचा हात ओढून काढायला.

तो सापडला. गरम, थरथरता.

त्याला धरून आणखी एक हात होता.

कोरडा. वैशाखाच्या दुपारीही गार.

त्या हाताने बापाला सोडलं आणि गौतमचंदचं पहिलं बोट दाबलं. दलालीत त्याचा अर्थ एकच : बोला.

हात काढून घेता आला असता. पण दोन वर्षांचा संताप बोटांत उतरला होता.

"घे, काय पाह्यजे ते घे," तो दातांआडून म्हणाला, "अन् सोड ह्यांना."

त्याने मूठ आवळली.

रुमाल अलगद खाली बसला.

"गौतम," किशनलालजी म्हणाले. आवाज लख्ख होता. "जेवला का रे? अन् दीपू कवा आला?"

दीपचंद रडायलाच लागला. त्याने कागद टराटरा फाडला. "म्हणलं न्हवतं मी? घरीच सांभाळलं की माणूस बराबर होतं. भाभी! जल्दी बाहेर या!"

आतून एक बाई धावत आली. आनंदाच्या भरात डोक्यावरचा पदर घसरलेला, गाल ओले. ती थेट गौतमचंदजवळ येऊन उभी राहिली.

परक्या घरच्या बाईसमोर करावी तशी त्याने नजर खाली घातली, दोन पावलं मागे सरला आणि भावाला हळूच विचारलं,

"ह्या कोण रे?"