उरलेला फ्रॉक

आमच्या शाळेचे गणवेश गावातलं महिला मंडळच शिवतं. मी इथे शिकवायला आले त्याच्या आधीपासूनची ही पद्धत, आणि तिच्यात बदल सुचवायला गेलेल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने शेवटी हात टेकले आहेत. वर्ष संपत आलं की एका सकाळी मंडळाच्या बायका पांढऱ्या सुती पट्टीचं भेंडोळं घेऊन येतात. मुलं रांगेत उभी राहतात. शिलाईवाली मावशी प्रत्येकाच्या अंगाला पट्टी लावते, खांद्याशी, कमरेशी, गुडघ्याशी गाठ मारते, कात्री चालवते आणि ती पट्टी दाराच्या खुंटीला अडकवते. एक मूल, एक पट्टी. घरी गेल्यावर एकेक पट्टी समोर ठेवून एकेक कपडा कापायचा. नाव कुठेच लिहायचं नाही. पूर्वी म्हणे लिहायचे, तेव्हा अमकीच्या पोराला जास्त कापड आणि तमकीच्या पोराला कमी, यावरून मंडळात झिंज्या उपटायची पाळी आली होती. तेव्हापासून गणवेश बिननावाचे. सुट्टी संपली की वाटप, आणि मुलांनी घालून बघायचं, ज्याला जो बसेल तो त्याचा. ऐकायला सावळा गोंधळ वाटतो, पण मावशीचा हात असा, की वाटप अर्ध्या तासात उरकतं.

मी तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, मधे फक्त चालण्यापुरती वाट. विषय सगळेच शिकवते, पण जीव गणितात. हिशोब जुळला नाही तर मला घास उतरत नाही, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर यथेच्छ टिंगल केलेली आहे. हे आधीच सांगून टाकते.

माझी मुलगी याच शाळेत पहिलीत होती. गालात शेंगदाणे साठवून ठेवायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. पहिलीचं वर्ष संपत असताना तिला ताप आला. साधा ताप, उतरेल उद्यापर्यंत म्हणता म्हणता, मापाचा दिवस यायच्या आधीच ती गेली. याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही.

त्या दिवसांत मला सांभाळलं ते पोस्टमनच्या बायकोने. मी तिला वहिनी म्हणते. मला हाताला धरून न्हाणीघरात नेणारी, ताट वाढून मी जेवेपर्यंत समोर ठिय्या देणारी तीच. तिची मुलगी खारूपेक्षा एका वर्षाने लहान. पोस्टमनची पोर म्हणून गावाने तिचं नाव ‘तिकीट’ ठेवलेलं. ही तिकीट आईच्या मांडीवर बसून टकामका माझ्याकडे बघत राहायची आणि मधेच विचारायची, “खारू कधी येणार?” वहिनी तिच्या तोंडावर हात ठेवायची.

त्या वर्षीच्या वाटपात एक फ्रॉक उरला.

“माझंच चुकलं असणार,” मावशी म्हणाली. “एखादी पट्टी दोनदा बांधली असेन. डोळे म्हातारे झाले आता.”

सगळ्या हसल्या. मी तो फ्रॉक सहज उचलला आणि खांद्याची शिवण दोनदा बोटाने मोजली. त्याचा डावा खांदा बोटभर खाली शिवला होता. खारूचा डावा खांदा जन्मापासून बोटभर खाली होता. सगळ्या शाळेत असं दुसरं मूल नव्हतं. मागच्या वर्षीच्या तिच्या फ्रॉकपेक्षा हा लांबीला थोडा जास्त होता. वर्षभरात मूल जेवढं वाढतं, तेवढाच.

मी तो घरी नेला. माझे यजमान गावच्या दूध केंद्रावर काम करतात. नुकतेच येऊन हातपाय धूत होते. फ्रॉक बघून त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“कुणाचा हा?”

“उरलेला.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. फ्रॉकची घडी घातली, कपाटात ठेवली आणि अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा एक उरला. डावा खांदा खाली, लांबी आणखी थोडी जास्त. या वेळी मावशी स्वतःच्या डोळ्यांबद्दल काही बोलली नाही. बायकाही हसल्या नाहीत. कुणीतरी तो हळूच माझ्या पिशवीत सरकवला.

त्या वर्षी खारू तिसरीत आली असती. म्हणजे माझ्या वर्गात.

पहिले काही दिवस मी कानाडोळा केला. खिडकीजवळच्या बाकावर मुलं एक कड मोकळी सोडून बसत. दुसऱ्या गावाहून आलेला एक नवा मुलगा तिथे टेकायला गेला, तर बाकीची मुलं अगदी सहज म्हणाली, “तिथे जागा नाहीये.” तोही मुकाट्याने उठला. मी हजेरीच्या वेळी मुलांना ओळीने आकडे म्हणायला लावते, एकाने एक म्हणायचं, पुढच्याने दोन. खिडकीच्या बाकाशी आकडे आले की क्षणभर शांतता पसरायची आणि पुढचं मूल मधला एक आकडा गाळून म्हणायचं. कुणी हसायचं नाही.

“झोपा काढताय का रे?” एकदा मी ओरडले. “मधला कुणी खाल्ला?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. “बाई, सगळ्यांनी म्हटलं की,” एक जण म्हणाला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती. मला बरं नाहीये की काय, अशी काळजी होती.

त्यानंतर मी ओरडले नाही. मी लवकर शाळेत जायला लागले. खिडकीचा बाक आधी पुसायचा, मग बाकीचे. भागाकार शिकवताना एक उदाहरण खिडकीकडे बघून सोडवायचं, आणि जरा सावकाश, कारण खारूला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागायची. त्या कडेकडे बघितलं की छातीवरचा दगड उतरायचा. खरं सांगायचं तर मी सुखात होते. गाव मला सहानुभूती दाखवत होतं आणि मी आतून सुखात होते, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

ह्यांना मात्र कळलं. एका संध्याकाळी मी कपाटातले दोन्ही फ्रॉक पलंगावर शेजारी शेजारी पसरून बघत होते.

“तिला जाऊ दे गं,” ते दारातूनच म्हणाले.

“कुठे?”

बिचारे तसेच उभे राहिले. त्यांच्या कपड्यांना दुधाचा वास येत होता आणि डोळे भरले होते. मला त्यांची दया आली, पण ऐकायचं काही मनात आलं नाही.

चौथीचा फ्रॉक आला. लेक उंच होत होती. आणि आनंदाच्या भरात मी विसरले होते, की आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढची शाळा पुलापलीकडे. तिथला गणवेश निळा, आणि चौथीच्या मुलांना तो निळा गणवेश मंडळ निरोपाची भेट म्हणून शिवून देतं. वर्ष संपत आलं, मापाचा दिवस झाला, तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खारू वर्गाबरोबर पूल ओलांडून जाणार होती.

मी दुपारीच मावशीच्या ओसरीवर गेले. ती मशीनवर होती. पट्ट्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला.

“मावशी, ती जास्तीची पट्टी...”

तिचा पाय थांबला. “बोला बाई.”

“तिचा निळा नका शिवू. आमचाच शिवा. चौथीचा. गेल्या वर्षीच्याच मापाचा.”

मावशीने सुईखालचं कापड बाजूला सारलं. “बाई, मी आजवर आलेल्या मापाच्या बाहेर कात्री चालवलेली नाही. आखूड कपड्यात पोर कोंडतं.”

“एकच वर्ष,” मी म्हणाले. “मावशी, मी पाया पडते तुमच्या. मला फक्त एक वर्ष आणखी हवंय.”

मावशीलाही एक मुलगी होती, लहानपणीच गेलेली. गावात कुणी त्याबद्दल बोलत नाही. तिने मान डोलावली.

नवं वर्ष सुरू झालं. चौथीची मुलं पुलापलीकडे गेली, तिसरीची चौथीत आली, आणि खिडकीच्या बाकाची कड मोकळीच राहिली. मी देवाचे आभार मानले. तिकीट आता चौथीत होती. मी कुणालाच तिथे बसवलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी ती दप्तर उचलून त्या बाकावर, मोकळ्या कडेला लागून जाऊन बसली.

वर्ष कसं गेलं ते कळलंही नाही. तिकीट आधी तोंडाचा पट्टा चालवणारी पोर, ती हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, मोठी होतेय, समज येतेय.

मापाचा दिवस आला. रांगेत तिकिटीची पाळी आली तेव्हा मावशीने पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. मग ती पट्टी तिने तिकिटीच्या अंगावरच्या फ्रॉकवर धरली. गाठीवर शिवण बरोबर आली. वर्षभर घातलेला फ्रॉक तिला सुतभरही कमी पडत नव्हता.

“तिकीट आहे हो ते,” भेंडोळं धरून उभी असलेली वहिनी हसत म्हणाली. “एकदा चिकटलं की जागचं हलत नाही!”

बायका खळखळून हसल्या. मावशी हसली नाही. माप संपल्यावर तिने मला दाराशी बोलावलं आणि खुंटीवरची एक पट्टी माझ्या हातात दिली. जास्तीची. सगळ्या खोलीत तीच लांब होती. एका वर्षात एवढं कुणी वाढत नाही. दोन मुलांची वाढ एकत्र केली तर मात्र तेवढी भरते.

“मी सांगितलं होतं, बाई,” मावशी म्हणाली.

मला गणित येतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

“आलंय त्या मापाचा शिवा,” मी म्हणाले. “निळा.”

शाळा सुटल्यावर मी दार लोटून घेतलं आणि खिडकीच्या बाकावर, तिकिटीच्या जागेवर बसले. ऊन बाकावर आलं होतं. मोकळ्या कडेकडे मान वळवायला मला फार वेळ लागला.

“खारू,” मी म्हणाले. “तू पास झालीस. आईनेच तुला अडकवून ठेवलं होतं. आता जा, बाळा. तिकिटीला सोड आणि जा.”

काही झालं नाही. ऊन सरकत सरकत बाकावरून उतरलं. खारू गेली त्या दिवशी मी रडले नव्हते, सगळे म्हणत होते रडवा कुणीतरी हिला. त्या दुपारी मी हंबरडा फोडला. माझी पोर मी दुसऱ्यांदा घालवत होते, आणि या वेळी माझ्या तोंडाने.

सुट्टी सरली. वाटपाच्या सकाळी निळे गणवेश आले. मुली आतल्या खोलीत जाऊन घालून बघत होत्या. तिकीट सगळ्यात शेवटी बाहेर आली.

“अगंबाई!” वहिनी ओरडली. “सुट्टीत कशी ताडमाड वाढली बघा! घरात रोज डोळ्यांसमोर असते, कळलंच नाही.”

निळा फ्रॉक तिच्या अंगावर चापूनचोपून बसला होता. कुठे सुरकुती नाही. तिचे गाल वर आले होते, डोळे चमकत होते. माझा जीव भांड्यात पडला. पोर सुटली, वाढली. मी कडेला होऊन डोळे पुसले आणि मनातल्या मनात खारूला शहाणी माझी बाय म्हटलं.

मग खुंटीकडे बघितलं.

एक उरला होता. मी काढून घेतला. आखूड होता. दोन्ही खांदे सरळ. तिकिटीच्या मापाचा.

बाहेर मुलं निघायला लागली होती. फाटकाशी आया जमल्या होत्या. मी तो फ्रॉक हातात घेऊन तशीच बाहेर आले. रांगेतून एक निळा फ्रॉक धावत माझ्याकडे आला, माझ्या कमरेला घट्ट मिठी पडली.

“आई, येते गं,” ती म्हणाली.

एकच हशा पिकला. बाईंना आई म्हणणं शाळेत रोजचंच आहे. दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं आणि लाजून लाल होतं. वहिनी तर पोट धरून हसत होती. पोर मात्र लाजली नाही. वर बघून हसली आणि पळाली.

तो आवाज मी ओळखणार नाही, तर कोण ओळखणार.

पुलापर्यंतचा रस्ता सरळ आहे. हाक सहज पोचली असती. मी तोंड उघडलं. कोणत्या नावाने हाक मारायची एवढंच ठरवायचं होतं. एका नावाने मारली असती तर वहिनीची मुलगी कदाचित परत आली असती.

मी तोंड मिटलं.

पुलाच्या टोकाशी ती वळली आणि हात हलवला. वहिनीने टाचा उंचावून दोन्ही हात हलवले. मीही हलवला.

“बघा हो बाई,” वहिनी म्हणाली, “एवढ्या लांबून आईला बरोबर ओळखते.”

वारा अजिबात नव्हता. माझ्या हातातल्या आखूड फ्रॉकची रिकामी बाही वहिनीच्या हाताकडे ओढ घेत होती.