पुसलेली अंगाई

हे घडले आहे. मित्राच्या मित्राला नव्हे, मला. पटत नसेल त्यांनी वाद घालू नये. वाद घालण्याइतका आवाज माझ्याजवळ कधीच नव्हता, आणि आता धीरही उरलेला नाही.

गेल्या रविवारची सकाळ. ताईचे घर, दुसरा मजला, मागची खोली.

ताई जाऊन दोन महिने झाले होते.

तिच्या गुणगुणण्याचा भावजींना कायम राग. "झालं का सुरू? बंद कर ते!" ते असे ओरडले की ती सुराच्या मध्येच थांबे. ते कामावर गेले की मग चार वर्षांच्या चिमीसाठी मोबाइलवर अंगाई रेकॉर्ड करून ठेवी. ताई गेल्यापासून चिमी तोच जुना मोबाइल कानाशी धरून झोपायची. लेकरासाठी आईचा आवाज तेवढाच उरला होता. नखाएवढ्या मेमरी कार्डात.

मी पोहोचलो तेव्हा मोबाइल कानाशीच होता. चिमी रडत होती.

त्यातून ऐकू येत होती... पिक्चरमधली मारामारी.

"भावजी, यातली गाणी कुठे गेली?"

"ती भुणभुण होय? उडवायला सांगितली. प्रवासाला निघतोय, पिक्चर भरून आणले. रात्रभर तेच बघत होतो." त्यांनी जांभई दिली. "अरे वा, आमचा मुखदुर्बळ बोलायला लागला की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कार्ड काढून घेतले आणि जिना उतरलो.

भावजींना पिक्चर भरून देणारा दुकानदार वाईट माणूस नव्हता. कार्ड संगणकाला लावून तो बराच वेळ खटपट करत राहिला.

"नाही निघणार, भाऊ. पुसलेल्या जागेवर पिक्चर बसलेत. मी विचारलं होतं हो त्यांना, आत कामाचं काही आहे का. म्हणाले, बायकोची भुणभुण आहे, साफ कर. आमची रीतच तशी. आधी झाडलोट, मग भरणा."

मी काउंटर घट्ट धरून उभा राहिलो.

"पण या कार्डात घोळ आहे," तो म्हणाला. "काल तपासतानाच वाटलं होतं. हे बघा."

त्याने एक पिक्चर लावला. नायक बोलला. खणखणीत.

नायिकेने ओठ उघडले...

काहीच नाही.

आवाज गेला नव्हता. तिच्यामागे कुत्रे भुंकत होते, पाणी वाहत होते. फक्त ती मुकी होती.

दुसरा पिक्चर. तेच. मग एक द्वंद्वगीत. त्याने एक ओळ गायली. तिची ओळ आली... तबला वाजत राहिला आणि त्यावर नुसती पोकळी.

संगणकावरचे तेच गाणे मला नीट ऐकू आले. मी ते पुन्हा कॉपी करायला लावले. कार्डावर ती गप्प.

"एकही बाई बोलत नाही हो," दुकानदार पुटपुटला.

तेवढ्यात मागचा पडदा सरकला. त्याची बायको.

"ताट वाढून किती वेळ झाला! कालपासून बघतेय, बहिरे झालात का?"

त्याने मान वर केली नाही. तिने बाही ओढली, तेव्हा तो हसला.

"अगं, नुसते ओठ काय हलवतेस? गिऱ्हाईक आहे समोर."

तिचा चेहरा पडला.

मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मी कार्ड उपटून घेतले आणि पळत सुटलो.

ताईच्या घरात चिमी बापाचा सदरा ओढून टाहो फोडत होती. "बाबा! माझ्या मोबाइलमधलं गाणं! बाबा!"

भावजी टीव्हीचा आवाज वाढवत होते.

"ही बातम्या सांगणारी बोलत का नाही रे? टीव्ही बिघडला वाटतं. आणि या पोरीला काय झालंय? सकाळपासून नुसतं तोंड उघडतेय."

मला दया आली नाही. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. चांगली अद्दल घडली, असेच मनात आले.

"हिला नेतोय," मी म्हणालो.

"ने बाबा. जाताना दार ओढून घे."

चिमी आता माझ्याकडे असते. मोबाइल मागत नाही. दिवा मालवला की भिंतीकडे तोंड करून पडते. मध्येच हसते. म्हणते, "पुन्हा म्हण ना."

मग थांबते... ऐकते... आणि झोपते.

मी भिंतीला कान लावतो. भिंत गार असते. बाकी काही नाही.

त्या शांततेत मला ताईचाच संताप येतो. ज्याने तुला जन्मभर गप्प बसवले, त्याच्यावर उगव की सूड! त्या दुकानदाराने विचारले तरी होते. आणि मी? मी तर तुझे गाणे परत आणायला गेलो होतो. ते मुके पिक्चर मी घटकाभर पाहिले, तेही कोणासाठी, ताई?

उत्तर येत असेलही. मला कसे कळावे?

कारण आज सकाळी चिमी दारापाशी उभी होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटले, खेळते आहे.

"मोठ्याने बोल, बाळा," मी म्हणालो.

मग पाहिले... तिचे बोट दाराच्या फटीत चेंगरले होते. तोंड पूर्ण उघडे होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती मला स्वच्छ ऐकू आली.