येऊन राहिली

अकोल्याच्या जुन्या शहरात गोदाबाईच्या घरावर एक खोली होती. त्या खोलीत गोवर्धनचं काम चालायचं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन फिरत्या खुर्च्या. डावी त्याची, उजवी बायकोची, प्रणालीची. तो चित्रं काढायचा, ती हलवायची. पंधरा वर्षं हीच वाटणी होती. प्रणाली जाऊन आठ महिने झाले. आता दोन्ही कामं तोच करायचा, आणि त्याला ती चांगली जमत होती.

फिल्म काढायच्या आधी ती कशी दिसेल हे चित्रांतून दाखवायचं, एवढंच ते काम. चित्राचे थर असतात. आकाश एका लेयरवर, शेत दुसऱ्यावर, माणूस तिसऱ्यावर. लेयरला सुरुवातीला एक ‘की’, म्हणजे जागेची खूण, द्यायची: बाई इथे, एवढी मोठी. शेवटी दुसरी की द्यायची: बाई तिथे, एवढी लहान. मधलं चालणं सॉफ्टवेअर भरतं. एकच की असेल तर लेयर जागचा हलत नाही. हे गोवर्धनला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

पुण्याची रागिणी कापूस स्वच्छ कसा वेचावा यावर एक छोटी फिल्म करत होती. तिचा शेवटचा सीन एकतिसावा. वेचणी आटोपून बाई पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून दूर निघून जाते. गोवर्धननं प्रणालीलाच खिडकीपाशी पाठमोरं उभं करून ती बाई काढली होती. हिरवं पातळ, पाठीवर वेणी, लहानपणापासून अधू असलेला डावा पाय. प्रणालीनं त्या लेयरला नाव दिलं ‘जाऊन राहिली’. ती अमरावतीजवळच्या भातकुलीची, सगळ्या लेयरांना तिकडच्या बोलीत अशीच नावं द्यायची.

रागिणीनं तेव्हा फोनवर विचारलं होतं, "जाऊन राहिली म्हणजे? गेली आणि तिकडेच राहिली?"

"अवो मॅडम, जाऊन राहिली म्हणजे आता जाते आहे," प्रणाली हसत म्हणाली होती. "तिकडं राहून काय करीन ते?"

तिनं पहिली की दिली. दुसऱ्या दिवशी तिला अमरावतीला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसरी की राहून गेली.

या बुधवारी रागिणीचा फोन आला. "सर, शुक्रवारी दुपारपर्यंत एकतीस नंबर आला नाही, तर आम्हाला ती बाई इथे नव्यानं काढून घ्यावी लागेल."

"नव्यानं काढायची गरज नाही. शुक्रवारी देतो."

"आणि पदराला वाळलं पान अडकलंय, ते पुसून टाका ना. कापसात काडीकचरा नको असं आपणच सांगतोय."

गोवर्धननं पान चितारलंच नव्हतं. चित्र मोठं करून पाहिलं, तर होतं. हे काम प्रणालीचंच. "वेचणीले गेली अन् पान नाही चिकटलं? हे तं शहरातली बाई दिसून राहिली," असं ती म्हणाली होती खरी. त्यानं पान राहू दिलं.

शुक्रवारी सकाळी दहाला तो बसला. शेवटी की दिली, बाईचा आकार शंभराचा चाळीस केला, आणि सीन चालवला.

बाई उभीच राहिली.

लेयरला कुलूप असेल म्हणून पाहिलं. नव्हतं. की पुन्हा दिली. या वेळी बाई हलली, पण काहीतरी चुकत होतं. मधल्या चौकटीवर आकार सत्तर हवा, तिथे एकशे चार होता. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एकशे बारा. गोवर्धन घाबरला नाही. जुनी फाइल कधीकधी बिघडते. त्यानं शेत आणि बाई उचलून नव्या फाइलमध्ये ठेवली, रागिणीलाही पुण्यात उघडता येईल अशा फोल्डरात. एकशे तीस.

खालून गोदाबाईचा आवाज आला. "गोवर्धन! भाकर थंडी झाली. जेवतो का कॉम्प्युटरच चाटतो?"

"येतो काकू, दहा मिनिटं."

"अन् सकाळपासून काय सरकवून राहिला रे वरतं? पाय ओढल्यावानी वाजते."

"मी तं जागचा उठलोच नाही, काकू."

गोदाबाईची पावलं आत गेली. तिचं दार लागल्याचं त्याला ऐकू आलं.

त्यानं शेवटची की पुसून टाकली. आता एकच की उरली. आता काही हलणार नाही. त्यानं सीन चालवला.

बाई हलली.

सगळी बाई मिळून एकच चित्र होतं. त्यातला पाय वेगळा हलूच शकत नव्हता. तरी डावा पाय ओढला गेला.

ती जात नव्हती. ती पाठीनं मागे येत होती, दोन ओळींमधून, एकेक पाऊल.

गोवर्धननं तिचं तोंड काढलंच नव्हतं. मग ती पाठीनं नाही तर कशी येणार?

वेणी पडद्याएवढी झाली. मग नुसतं हिरवं दिसलं.

मग शेत रिकामं झालं.

त्यानं लेयरचं नाव वाचलं. ‘येऊन राहिली’.

फोन वाजला. "सर, तुमची नवी फाइल इथे उघडलीय. नुसतंच शेत आहे. बाई कुठेय?" रागिणी म्हणाली. "आणि नाव बदललंत वाटतं. येऊन राहिली. थांबा, मला आता येतं. म्हणजे येते आहे, बरोबर?"

"नाही मॅडम. या वेळी तुमचंच खरं. आली, आणि राहिली."

"म्हणजे? मग बाई आम्ही इथे काढून घेऊ का?"

बुधवारी त्यानं नाही म्हटलं होतं. "घ्या," तो म्हणाला. "आता चालेल."

फोन ठेवून त्यानं उजवीकडे पाहिलं. सकाळी टेबलाकडे तोंड करून असलेली प्रणालीची खुर्ची आता त्याच्याकडे पाठ करून होती. तिच्या बैठकीवर पऱ्हाटीचं एक वाळलं पान पडलं होतं.

गोवर्धननं नवा लेयर घेतला आणि तोंड काढायला बसला. कपाळ, भुवया, मग डोळे.

डोळे पुरे होईपर्यंत खुर्ची अर्धी फिरली होती.